लामाची चित्रे आणि चित्रांखालचे शब्द

१

लामा हा शब्द कानी पडला, की भारतीय वाचकाच्या मनासमोर प्रथम तिबेटी मठातील धर्मगुरू उभा राहतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत ओझी वाहणाऱ्या पशूचे नावही मराठीत तसेच लिहिले जाते; परंतु या दोन शब्दांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. पशूचे नाव केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये गेले असून तेथे त्याचा उच्चार 'ल्यामा' किंवा 'यामा' असा होतो. योगायोग असा, की स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या दुसऱ्या दोन शब्दांपैकी एकाचा अर्थ 'ज्वाळा' व दुसऱ्याचा 'हाक मारतो' असा आहे. युरोपातील ग्रंथकारांनी मात्र या पशूला दीर्घकाळ त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली नाही. कोणी त्याला पेरूची मेंढी म्हटले, कोणी उंटाचा भाईबंद. सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत छापल्या गेलेल्या लामाच्या चित्रांत आणि पोस्टकार्डांत या नामकरणाचा सारा इतिहास साठलेला आहे.

अशी मुद्राचित्रे व पोस्टकार्डे जमवणे हा वरवर पाहता निरुपद्रवी छंद वाटतो. संग्राहकाचे लक्ष साहजिकच चित्राकडे असते: पशूचे रूप, पार्श्वभूमीचे डोंगर, रंगांचा टिकाऊपणा, कागदाची अवस्था. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला या संग्रहांतून जे मिळते ते बहुधा चित्रातून मिळत नाही. ते चित्राभोवतीच्या शब्दांतून मिळते. चित्राखालची ओळ, ज्या पानावर ते छापले गेले त्या पानावरील मजकूर, कार्डाच्या पाठीवरील हस्ताक्षर आणि टपालाचा शिक्का, हे सर्व काढून टाकले तर उरतो तो केवळ एक लोकरी, लांब मानेचा पशू. शब्द आणि चित्र यांची ही ताटातूट कशी होत आली, हे लामाच्या चित्रांत विशेष स्पष्टपणे पाहता येते.

२

प्रथम पशूविषयी थोडेसे. लामा हा अँडीजच्या पठारावर सुमारे सहा ते सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. ग्वानाको या रानटी प्राण्यापासून तो झाला. त्याचा लहानखुरा, अधिक लोकरी भाऊबंद जो अल्पाका, तो विकुन्या या रानटी प्राण्यापासून झाला, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवले. हे चारही प्राणी उंटाच्या कुळातील, परंतु मदार नसलेले. लामा साधारणतः २५ ते ३० किलोग्रॅम ओझे वाहतो. प्रौढ माणसाला पाठीवर घेऊन प्रवास करणे हे त्याचे काम नव्हे. ही माहिती संग्राहकाला उपयोगी पडते, कारण चित्राखालचे नाव अनेकदा चुकलेले असते. अल्पाकाला लामा आणि विकुन्याला अल्पाका म्हणणे हा जुन्या प्रकाशकांचा नित्याचा प्रमाद आहे. पेरूच्या १८२५ च्या राजचिन्हावरील विकुन्यालाही पुष्कळ परदेशी वर्णनांत लामा म्हटलेले आढळते.

इंका साम्राज्यावर स्पॅनिश आक्रमण झाले ते १५३२ मध्ये. त्यानंतर सुमारे पाव शतकाने हा पशू जिवंत स्वरूपात युरोपात दिसला. १५५८ मध्ये नेदरलँड्समधील मिडलबर्ग येथे आणलेल्या अशा एका पशूचे चित्र स्विस पंडित कॉनराड गेस्नर यांच्या प्राणिग्रंथांत 'अ‍ॅलोकॅमेलस' या नावाने आले आणि तेथून १६०७ मध्ये एडवर्ड टॉप्सेल यांच्या इंग्रजी ग्रंथात उतरले. या नावाचा आशय 'वेगळ्या प्रकारचा उंट' असा घेता येईल. चित्राबरोबरच्या वर्णनात हा पशू खेचराचे डोके आणि उंटाचे धड यांचा जोड म्हणून समजावला आहे. अपरिचित वस्तूचे आकलन परिचित वस्तूंच्या तुकड्यांतून करण्याची ही रीत होय. लाकडी ठशावर कोरणाऱ्या कारागिरापुढे वर्णनातील शब्दच असत किंवा दुसऱ्या कोणी काढलेले चित्र. मूळ पशू क्वचितच असे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रँकफुर्ट येथील द ब्री घराण्याच्या छापखान्यातील आहे. थिओडोर द ब्री यांनी १५९० मध्ये अमेरिकेच्या प्रवासवर्णनांची सचित्र माला सुरू केली. ते स्वतः अमेरिकेला कधी गेले नाहीत. १५९८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलांनी माला पुढे चालवली, आणि तिच्या नवव्या भागात (जर्मन आवृत्ती १६०१, लॅटिन आवृत्ती १६०२) पोतोसीच्या चांदीच्या खाणीकडील मालवाहू लामांची रांग दाखवणारे ताम्रपटावर कोरलेले चित्र आले. आजही संग्राहक या चित्राच्या शोधात असतात. परंतु हा नववा भाग मुख्यतः ज्या ग्रंथावर आधारलेला आहे तो होसे दे आकोस्ता या जेझुइट धर्मोपदेशकाचा, १५९० मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेला इंडीजचा नैसर्गिक व नैतिक इतिहास. आकोस्ता यांनी पेरूमध्ये अनेक वर्षे काढली होती. म्हणजे मजकूर प्रत्यक्षदर्शीचा आणि चित्र न पाहिलेल्याचे, असा हा संयोग आहे.

दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे फरक कळतो. चित्रात पशूंची शिस्तबद्ध रांग आहे. माणसांचे देह युरोपीय चित्रशाळेत शिकवले जात तसे पुष्ट आणि घोटीव आहेत. आकोस्ता मात्र सांगतात, की ओझ्याला कंटाळलेला पशू मध्येच बसकण मारतो, मारहाणीने उठत नाही, आणि अशा वेळी हाक्या त्याच्या शेजारी बसून दोन-दोन, तीन-तीन तास त्याची समजूत घालतो. रस्त्याच्या कडेला रुसलेल्या जनावराशेजारी बसून राहिलेला तो माणूस ताम्रपटावर आला नाही. चित्र सुटे करून चौकटीत लावले, की चांदीची रांग उरते आणि तो माणूस नाहीसा होतो.

३

याच काळात लामाचे एक अगदी निराळे चित्रण पेरूमध्ये घडत होते. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या अँडियन लेखकाने स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून सुमारे १,२०० पानांचे एक दीर्घ पत्र लिहिले. नवा इतिवृत्तान्त आणि सुशासन यांविषयीचा हा ग्रंथ १६१५ च्या सुमारास पूर्ण झाला. भाषा मुख्यतः स्पॅनिश, पण केचुआने भारलेली. आणि तीत लेखकाच्या स्वतःच्या हातची ३९८ पूर्णपृष्ठ रेखाचित्रे. त्यांपैकी एका चित्रात इंका राजा आपल्या तांबड्या लामाबरोबर गातो आहे. मजकुरात सांगितले आहे, की या गाण्यात राजा लामाचाच सूर लावून दीर्घ काळ आळवीत राहतो. दुसऱ्या एका चित्रात पावसासाठी आर्जव करणाऱ्या लोकांसमवेत खुंटाला बांधलेला काळा लामा दिसतो. उपाशी ठेवल्यामुळे तोही रडतो आणि देवाजवळ पाणी मागण्यास माणसांना साहाय्य करतो, असे चित्रकार सांगतो.

या दोन चित्रांतील शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. गाण्याच्या चित्रावर 'पुका ल्यामा' (तांबडा लामा) असा केचुआ शब्द आहे, तर पावसाच्या चित्रावर त्याच पशूला 'कार्नेरो' म्हणजे मेंढा हा स्पॅनिश शब्द वापरला आहे. एकाच लेखणीतून, एकाच पशूसाठी, दोन भाषांतील दोन नावे उतरली आहेत. राजाला कळावे म्हणून एक शब्द, आणि गाण्याला दुसरा चालत नाही म्हणून दुसरा, असा अर्थ यातून काढता येईल. परंतु नाव कोणतेही असो, येथे पशू गातो, रडतो, मागणे मागतो. तो केवळ ओझ्याचा वाहक नाही.

हे हस्तलिखित १९०८ मध्ये जर्मन विद्वान रिचर्ड पीटशमान यांना कोपनहेगनच्या राजकीय ग्रंथालयात आढळले, त्याची प्रतिमुद्रा पॅरिस येथे १९३६ मध्ये निघाली, आणि २००१ मध्ये त्या ग्रंथालयाने त्याची सर्व पाने संगणकावर खुली केली. संग्राहकाच्या दृष्टीने या तारखांचा एक मोठा परिणाम आहे. ग्वामान पोमाचे चित्र म्हणून कोणी सतराव्या किंवा अठराव्या शतकातील छापील पान दाखवू लागला, तर ते खरे असणे शक्य नाही. तीन शतके हे चित्र छापलेच गेले नव्हते. म्हणून लामाच्या जुन्या मुद्राचित्रांचा कितीही संपन्न संग्रह केला, तरी अँडीजमधील माणसाने स्वतः काढलेले सर्वांत महत्त्वाचे चित्र त्यात असणार नाही. संग्रह म्हणजे पाहिल्या गेलेल्या वस्तूंचा इतिहास नसून छापल्या गेलेल्या वस्तूंचा इतिहास असतो, हे भान त्यातून येते.

४

अठराव्या शतकात निसर्गेतिहासाचे ग्रंथ आले आणि लामाचे रूप अधिक नेमके होऊ लागले. ब्यूफाँ यांच्या फ्रेंच निसर्गेतिहासाचा तेरावा खंड १७६५ मध्ये निघाला; त्यातील लामाचे वर्णन प्रवाशांच्या वृत्तान्तांवर विसंबून लिहिले होते. पुढे पॅरिसजवळील आल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयात एक जिवंत लामा पाहावयास मिळाला, आणि त्यावरून काढलेले चित्र १७८२ च्या पुरवणी खंडात छापले गेले. एकोणिसाव्या शतकात प्रवासवर्णनांची सचित्र नियतकालिके निघाली. पॅरिसच्या 'ल तूर द्यू मोंद' मध्ये पॉल मार्क्वा यांचा पेरूमधील प्रवास छापला गेला, त्याची चित्रे ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांचे चित्रकार एदुआर रियू यांनी काढली. अमेरिकन प्रवासी ई. जॉर्ज स्क्वायर यांचा पेरूवरील सचित्र ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाजारात येणारी बहुतेक सुटी मुद्राचित्रे अशाच ग्रंथांतून कापून काढलेली असतात. मोडकळीस आलेल्या खंडाचे पान वाचवणे वेगळे. परंतु धड खंड विकत घेऊन त्याची चित्रे सुटी करणे आणि मजकूर रद्दीत टाकणे हा व्यापार फार जुना आहे, कारण पूर्ण ग्रंथाहून सुट्या चित्रांची बेरीज अधिक भरते. यात कागद नष्ट होतो एवढेच नव्हे. चित्र कोणत्या वाक्याला उत्तर देत होते, हेही कायमचे हरवते. जबाबदार संग्राहक म्हणून निदान एवढे करतो, की सुटे चित्र हाती आले असता ते कोणत्या ग्रंथाच्या, कोणत्या आवृत्तीच्या, कोणत्या पानासमोरचे हे शोधतो, आणि त्या पानाच्या मजकुराची प्रत चित्राशेजारी ठेवतो.

खरे-खोटे ओळखण्याची काही साधने साधी आहेत. ताम्रपटावरून दाबून छापलेल्या चित्राभोवती, कडा कापल्या नसतील तर, पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला जाणवते. लाकडी ठशाची रेघ जाड असते आणि शाई कडेला किंचित दाटते. शिळाछापाच्या चित्रात खडूचा कण दिसतो, दाबाची चौकट नसते. भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते हाफटोन ब्लॉकवरून किंवा त्यानंतरच्या यांत्रिक पद्धतीने छापलेले आहे. मग त्यावर १६०२ हे साल कितीही ठळक असो. रंगांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. अनेक जुनी चित्रे मुळात काळीच छापली गेली आणि त्यांत रंग फार पुढे, गिऱ्हाइकाच्या हौसेसाठी, भरले गेले.

५

पोस्टकार्डाचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला. भारतात पाव आण्याचे कार्ड १ जुलै १८७९ पासून सुरू झाले. चित्रांच्या कार्डांना खरा बहर आला तो १९०० ते १९१४ या काळात. आरंभीच्या कार्डांची पाठ केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे निरोप चित्राच्या कडेने, कधी चित्रावरच, दाटीवाटीने लिहावा लागे. पाठीचे दोन भाग करून एकात निरोप व दुसऱ्यात पत्ता लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०७ मध्ये मिळाली. म्हणून कार्डाची पाठ पाहूनच त्याचा काळ स्थूलमानाने ठरवता येतो. टपालाच्या शिक्क्यावरील तारीख मात्र केवळ वापराची तारीख होय. प्रकाशक एकच छायाचित्र वर्षानुवर्षे छापीत, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडेही जात असे.

लिमाचे एदुआर्दो पोलाक, आरेकिपाचे छायाचित्रकार माक्स टी. व्हार्गास अशा मंडळींच्या कार्डांतून पेरू-बोलिव्हियाचे दृश्य जगभर गेले. त्यांत लामा वारंवार येतो, आणि त्याखालच्या ओळी जवळजवळ ठरलेल्या असतात: 'लामांचा तांडा', 'लामांसह इंडियन', 'पेरूमधील नमुने'. मराठी वाचकाला तांडा हा शब्द परका नाही. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी दख्खनचे रस्ते शतकानुशतके तुडवले; अँडीजमध्ये लामांचे तांडे उंच पठारावरील मीठ खालच्या खोऱ्यांत नेऊन मका आणीत. दोन्हीकडे तो एका समाजाचा जीवनक्रम होता. कार्डाखालच्या ओळीत मात्र हा व्यवहार येत नाही. येतो तो फक्त देखावा.

'नमुने' हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. त्या काळी मुंबईत निघणाऱ्या कार्डांवरही भिस्ती, धोबी, न्हावी, नाचणारी अशा धंद्यांची नावे छापली जात. व्यक्तीचे नाव नसे. लामाच्या कार्डात हा प्रकार आणखी एक पायरी पुढे जातो. तेथे निदान पशूची जात सांगितलेली असते. शेजारी दोर धरून उभा असलेला माणूस पुष्कळदा ओळीत येतच नाही. प्राणिसंग्रहालयांनी काढलेल्या कार्डांत तर तो चित्रातूनही गळाला आहे. युरोपातील त्या कार्डांवर लामा मुलांची गाडी ओढतो आणि डोंगराचा मागमूस नसतो.

पाठीवरील निरोपही याच दृष्टीने वाचावा. खाणीवर आलेला अभियंता, धर्मप्रचारक किंवा व्यापारी घरच्यांना प्रकृतीची आणि जहाजाच्या तारखेची वार्ता कळवतो. समोरच्या चित्राचा उल्लेख अनेकदा नसतोच. चित्र आणि निरोप एकाच कागदाच्या दोन बाजूंना असूनही परस्परांना पाठ देऊन उभे असतात. या मौनालाही अर्थ आहे, परंतु तो कळण्यासाठी दोन्ही बाजू जपल्या पाहिजेत. तिकिटांच्या शौकिनांनी कार्डावरील तिकिटे भिजवून काढली आणि कार्डे विद्रूप केली. संगणकाच्या पडद्यावर आज कार्डे विकताना पुष्कळदा केवळ चित्राची बाजू दाखवली जाते. दोन्ही प्रकारांत पुराव्याचा अर्धा भाग हरवतो. तिकिटाचेही महत्त्व कमी नाही. लिमा शहरातील टपालासाठी १८७३ मध्ये निघालेल्या दोन सेंताव्होच्या तिकिटावर लामाच होता, आणि संग्राहक त्या तिकिटाला लाडाने 'यामिता', म्हणजे लहानगा लामा, म्हणतात.

६

विसाव्या शतकात कॅमेरा अँडीजमधील माणसाच्याच हाती आला, तेव्हा या परंपरेला वेगळे वळण लागले. मार्तिन चांबी (१८९१–१९७३) यांचा जन्म पूनो प्रांतातील कोआसा येथील केचुआभाषक कुटुंबात झाला. आरेकिपामध्ये व्हार्गास यांच्याकडे ते कसब शिकले, १९१७ मध्ये सिकुआनी येथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढून पोस्टकार्डे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि १९२० मध्ये ते कूस्कोला गेले. ज्या व्यवसायाने अँडीजच्या माणसाला 'नमुना' केले होते, त्याच व्यवसायावर त्यांनी उपजीविका केली. त्यांच्या एका छायाचित्राखाली पारूरोच्या भीमकाय पुरुषाचे हुआन दे ला क्रूस सिवाना हे नाव टिकून राहिले आहे. येथे माणूस माणूस म्हणून ओळखला जातो.

तरीही प्रश्न सर्वस्वी सुटला असे म्हणता येत नाही. ला राया या उंच खिंडीत १९३३ मध्ये घेतलेल्या चांबींच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात माळावर बासरी वाजवणारा पुरुष आणि त्याच्या सोबतीला लामा आहे. चित्राचे शीर्षक 'अँडीजचे दुःख' या अर्थाचे. हे शीर्षक त्या काळच्या वाङ्मयीन वातावरणातून आले आहे. लिमामध्ये होसे कार्लोस मारियातेगी यांचे 'आमाउता' हे नियतकालिक १९२६ ते १९३० या काळात निघत होते. लुईस व्हाल्कार्सेल यांचे 'अँडीजमधील वादळ' १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मूलनिवासी माणसाची बाजू मांडणारे इंदिहेनिस्मो हे आंदोलन कूस्कोतील कलावंतांतही रुजले होते. या आंदोलनाने त्या माणसाला सहानुभूती दिली, पण त्याच वेळी त्याला दुःखाचे प्रतीकही केले. तो बासरीवर कोणते गाणे वाजवीत होता, ते खरोखरच दुःखाचे होते की काय, हे शीर्षक सांगत नाही. प्रतीक झालेल्या माणसालाही नाव नसते.

चांबींच्या काचपट्ट्यांची पद्धतशीर नोंद १९७७ मध्ये, अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड रॅनी आणि चांबींचे चिरंजीव व्हिक्टर यांच्या सहभागाने सुरू झाली, आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. तेव्हापासून ही छायाचित्रे कला म्हणून पाहिली जाऊ लागली. परंतु त्यांतील काही प्रथम टपालपेटीतून, अल्प किमतीच्या कार्डांच्या रूपाने, जगात गेली होती. कार्डावरील छाप आणि संग्रहालयाच्या भिंतीवरील मोठी प्रत यांचा वाचक एक नसतो. म्हणून साधे, कोपरे झिजलेले कार्डही अभ्यासकाच्या दृष्टीने दुय्यम ठरत नाही.

७

संग्रहाची खरी किंमत अखेर त्याच्या नोंदवहीवर अवलंबून असते. चित्र आम्लरहित कागदात ठेवावे, डिंक व चिकटपट्टी टाळावी, समुद्राकाठच्या दमट हवेत बुरशीची विशेष काळजी घ्यावी, हे सर्वज्ञात आहे. त्याहून अधिक उपेक्षित गोष्ट म्हणजे शब्दांची नोंद. चित्राखालची ओळ मूळ भाषेत, मूळ चुकांसह, जशीच्या तशी उतरवून घेतली पाहिजे. 'पेरूची मेंढी' असे छापले असेल तर तेथे 'लामा' अशी दुरुस्ती करणे म्हणजे पुरावा पुसणे होय. दुरुस्ती हवी असल्यास ती वेगळ्या रकान्यात करावी. प्रकाशक, अनुक्रमांक, छपाईची पद्धत, शिक्क्याचे गाव आणि तारीख, निरोपाची भाषा, मूळ ग्रंथाचे पान यांचे रकाने त्यापुढे येतात.

आणखी एक रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो: चित्रातील माणसाचे नाव. तो बहुतेक ठिकाणी कोराच राहील, कारण ज्याने ताम्रपट कोरला त्याला ते ठाऊक नव्हते आणि ज्याने कार्ड छापले त्याने ते विचारले नाही. तरीही तो नोंदवहीत आखलेला असावा. पोतोसीच्या रांगेतील हाक्यापासून कार्डावर दोर धरून उभ्या असलेल्या तांडेवाल्यापर्यंत, एका पानाखाली एक, ती कोरी घरे दिसत राहिली, म्हणजे या चार शतकांत काय छापले गेले त्याबरोबर काय छापायचे राहिले, तेही संग्रह उघडणाऱ्याच्या नजरेस येते.